सहल आमची, गल्ला कुणाचा?

पौष पौर्णिमा जवळ आली की नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर तालुक्यातल्या दाभडकडे पांढऱ्या वस्त्रांची रीघ लागते. महाविहार बावरीनगरच्या धम्म परिषदेला मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून आपला माणूस येतो. कुणी टेम्पो करून, कुणी जीप करून, कुणी एस.टी.ने. विजयादशमीला हाच माणूस नागपूरला जातो, ६ डिसेंबरला दादरला जातो. रजा टाकून, उसनवारी करून, लेकरेबाळे घेऊन जातो. या जाण्याला आपण अभिवादन म्हणतो आणि ते अभिवादनच आहे. पण रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याच्या लेखी तो धंदा आहे.

मागे एकदा दाभडहून लातूरला परतताना आमच्या गाडीत चौदा माणसे होती. चहा, भजी, पुढे जेवण, पाण्याच्या बाटल्या, डिझेल, पोरांची बिस्किटे. रेणापूरच्या अलीकडे मी सहज हिशेब मांडला तर रक्कम सात हजारांच्या आसपास गेली. यातला एक रुपया तरी आपल्या माणसाच्या गल्ल्यात पडला का, असे मी गाडीत विचारले. मंडळी गप्प झाली. एक तरुण म्हणाला, "वकीलसाहेब, पुस्तकाच्या दुकानात दिले की शंभर."

त्या पोराचे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. पुस्तके, कॅलेंडर, तसबिरी, बुद्धमूर्ती, निळे झेंडे यांच्या दुकानांत आपला माणूस बसलेला असतो. हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीत तो का नसतो? भजी तळायला का नसतो? तो तिथे असतो, पण मागच्या बाजूला, कपबशा विसळायला. गल्ल्यावर नसतो. पुस्तक आपल्या हातून घेतलेले चालते, भजे चालत नाही, असा या व्यवस्थेचा न लिहिलेला नियम आहे आणि तो एकविसाव्या शतकात आला.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक पक्षकार आला. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर त्याने खानावळ टाकली होती. बायकोच्या हाताला चव, जागा स्वच्छ, दर वाजवी. पहिले चार महिने माणसे दारात उभी राहून टेबल रिकामे होण्याची वाट पाहत. मग १४ एप्रिल आला. त्याने भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली, हार घातला, येणाऱ्या प्रत्येकाला लाडू दिला. मे महिना सरेपर्यंत निम्मी टेबले ओस पडली. कुणी भांडले नाही. कुणी शिवी दिली नाही. तुझ्याकडे जेवणार नाही, असेही कुणी तोंडावर म्हटले नाही. नुसते येणे बंद झाले. त्याने मला विचारले, "साहेब, केस होते का?"

वकील म्हणून या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नव्हते. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५(२) स्पष्ट आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तळी, घाट, यांत जातीवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही, हे बंधन २६ जानेवारी १९५० पासून सरकारवरच नव्हे तर खाजगी दुकानदारावरही आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने त्याला शिक्षेची जोड दिली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिने 'आर्थिक बहिष्कारा'ची व्याख्याच कायद्यात घातली आणि अनुसूचित जातीच्या माणसाला धंदा करण्यास अडथळा आणणे हा गुन्हा ठरविला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला. गावाने बैठक घेऊन ठरविले असेल, दवंडी दिली असेल, दंड लावला असेल, तर या कायद्यांनी आरोपी पिंजऱ्यात उभा करता येतो. परंतु जेथे बैठक नाही, दवंडी नाही, जो तो आपल्या मनाने शेजारच्या हॉटेलात जाऊन बसतो, तेथे आरोपी कुणाला करायचे? फिर्यादीत नाव कुणाचे घालायचे? कायदा दुकानदाराला बांधतो, गिऱ्हाईकाच्या पायांना बांधू शकत नाही. मी त्याला खरे ते सांगितले. त्याने तसबीर आतल्या खोलीत नेली आणि पाटीवर एका देवाचे नाव घातले. खानावळ आज चालू आहे.

आपल्यातले काही कडवे कार्यकर्ते अशा माणसाला स्वाभिमानशून्य म्हणतील. मी म्हणणार नाही. परदेशातून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहाराबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञाची ही गत झाली, तेथे आमच्या खानावळवाल्याचे काय?

बाबासाहेबांच्या सहलीची गोष्टही आपण नीट आठवली पाहिजे, कारण ती आपल्या मराठवाड्यात घडली. १९३४ साली सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. तीसेक मंडळी बस आणि मोटारीने निघाली. मुलूख निजामाचा. वाटेत त्रास नको म्हणून आपली ओळख न सांगता साध्या प्रवाशांसारखे जायचे, असा त्यांचा बेत होता. दौलताबादच्या किल्ल्यापाशी पोचले तेव्हा अंग धुळीने माखलेले. दाराशी हौद होता, काहींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा धावत आला आणि हौद बाटवला म्हणून ओरडू लागला. जमाव जमला, शिवीगाळ झाली, हातघाईवर येण्याची वेळ आली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती, आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि पाळत ठेवायला सोबत एक शिपाई देऊन. आरडाओरडा करणारे त्या वेळी मुसलमान होते, तोच हौद हिंदूंचा असता तर निराळे घडले नसते. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तेव्हा सहल, प्रेक्षणीय स्थळ, वाटेतले पाणी आणि वाटेतले जेवण हा विषय चळवळीच्या बाहेरचा आहे असे कुणी समजू नये.

या कोंडीतून वाट काढणारा एक गिऱ्हाईक मात्र आहे. तो म्हणजे बाहेरगावचा माणूस. कांबळे, वाघमारे, सूर्यवंशी, गायकवाड या आडनावांचा इथला अर्थ त्याला ठाऊक नसतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याला लुधियानाहून किंवा अमृतसरहून आलेला शीख यात्रेकरू फुटाणे घेताना टपरीवाल्याचे आडनाव विचारत नाही. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली गोदावरीकाठी इथेच देह ठेवला. सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभी राहिली. आत लंगरमध्ये एका ओळीत बसून सगळे जेवतात आणि तेथे वंदिल्या जाणाऱ्या गुरुग्रंथसाहिबात चर्मकार संत रविदासांची वाणी आहे, आपल्या नरसीच्या नामदेवांचीही आहे. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहरात रस्ते झाले, पूल झाले, विमानतळ नवा झाला. तेव्हापासून यात्रेकरूंच्या सोयींवर किती धंदे उभे राहिले ते नांदेडकर जाणतात. लॉज, रिक्षा, प्रवासी गाड्या, ढाबे, कडे-कृपाणाची दुकाने, प्रसादाची दुकाने. त्यांत आपल्या वस्त्यांतल्या पोरांचे काय आहे? रिक्षा आहे, तीही बऱ्याचदा दुसऱ्याच्या मालकीची.

मी पर्यटनाकडे या नजरेने पाहतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत दर पाच माणसांमागे जवळजवळ एक अनुसूचित जातीचा आहे. गावातले गिऱ्हाईक जात पाहून पाठ फिरवत असेल तर जात न विचारणाऱ्या गिऱ्हाईकाच्या वाटेवर आपले दुकान हवे. दुसरे गिऱ्हाईक आपण स्वतः.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखले. तिकडच्या दक्षिणेतील राज्यांत, अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी या भागांत, काळ्या माणसाला वाटेत जेवण मिळेल की नाही, रात्री खोली मिळेल की नाही, पेट्रोल पंपावरचे शौचालय वापरू देतील की नाही, याचा भरवसा नसे. हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ साली एक पुस्तिका काढली. कोणत्या गावात कोणते हॉटेल, कोणती खानावळ, कोणता न्हावी, कोणता शिंपी, कोणाचे घर काळ्या प्रवाशाला उघडे आहे, याची ती यादी होती. लोक तिला 'ग्रीन बुक' म्हणत. त्यातल्या कितीतरी जागा काळ्यांच्याच मालकीच्या होत्या. ज्या दिवशी या पुस्तिकेची गरज उरणार नाही तो दिवस भाग्याचा, असे खुद्द ग्रीनने तिच्यात लिहिले होते. १९६४ साली नागरी हक्क कायदा आला, म्हणजे आपल्या अनुच्छेद १५ नंतर चौदा वर्षांनी. अटलांटाचे एक मोटेल आणि बर्मिंगहॅमची एक खानावळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात हरली. पुढे दोन-तीन वर्षांत ग्रीन बुक बंद पडले.

इथवरची गोष्ट आपल्याला आवडते. पुढची तितकीच खरी आहे. गोऱ्यांच्या हॉटेलांची दारे उघडली तसा काळा गिऱ्हाईक तिकडे वळला आणि काळ्यांची कितीतरी हॉटेले, लॉज उपाशी मेले. उलट मात्र कुणी आले नाही. बर्मिंगहॅममध्ये ए. जी. गॅस्टन या काळ्या उद्योजकाने १९५४ साली मोटेल बांधले होते. १९६३ च्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग त्याच्या तीस नंबरच्या खोलीत बसून बेत आखत. त्याच वर्षी मे महिन्यात त्यावर बॉम्ब टाकला गेला. चळवळीला बसायला जागा मिळाली ती आपल्या माणसाच्या धंद्यामुळे मिळाली, हे आपल्या पुढाऱ्यांनी वाचले पाहिजे. आपल्या बैठका आजही विश्रामगृहाच्या परवानगीवर अवलंबून असतात. २०१७ पासून ते मोटेल राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. मेम्फिसमधले लोरेन मोटेलही एका काळ्या जोडप्याचे होते आणि ग्रीन बुकमध्ये त्याची नोंद होती. १९६८ साली किंग यांची हत्या तिथल्या सज्जात झाली. आज तिथे संग्रहालय आहे. अत्याचाराच्या आणि लढ्याच्या जागा जोडून त्यांनी पर्यटकांसाठी मार्ग आखला आहे.

आपल्याकडे नामांतराच्या लढ्यातले टेंभुर्णी नांदेड जिल्ह्यातच आहे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये पोचिराम कांबळे यांना तिथे जिवंत जाळले. सुगावचे जनार्दन मेवाडे याच दंगलीचे बळी. १९९३ साली नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. जिल्ह्याची प्रेक्षणीय स्थळे सांगणारी जी माहितीपत्रके मी आजवर चाळली त्यांत ही नावे मला दिसली नाहीत. सरकारचे सोडा. नांदेडला पाहुणा आला तर आपण तरी त्याला टेंभुर्णीला नेतो का?

बरे, बाकीचे तरी आपण पाहिले आहे का? लातूरचा आपला शिक्षक काश्मीरला जाऊन येतो आणि पंचेचाळीस किलोमीटरवरचे खरोसा त्याने पाहिलेले नसते. औसा तालुक्यात जांभ्या दगडात कोरलेली सहाव्या शतकातली लेणी आहेत, त्यांत नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण अशी शिल्पे आहेत. वाटेत औशाचा किल्ला लागतो. उदगीरचा किल्ला आहे, कंधारचा राष्ट्रकूटकालीन किल्ला खंदकासह उभा आहे, देगलूरकडे होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत, पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. हे सगळे एका दिवसात जाऊन येण्यासारखे. लातूर शहरात आंबेडकर उद्यानातला बाबासाहेबांचा भव्य पुतळा २०२२ साली उभा राहिला, तो पाहायला माणसे येतात, फोटो काढतात आणि समोरून चहा न घेता निघून जातात.

तेर मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते आज धाराशिव जिल्ह्यात असले तरी १९८२ पर्यंत लातूरही त्याच जिल्ह्यात होते. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आणि इथले कापड भडोच बंदरातून समुद्रापार जाते, असे त्यात म्हटले आहे. उत्खननात तेथे स्तूपाचे अवशेष मिळाले. त्रिविक्रम मंदिर हे मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत अभ्यासकांनी मांडले आहे. विणकर, रंगारी, व्यापारी आणि भिक्खू एका गावात नांदत होते. आपल्या लेण्यांतले शिलालेख वाचा. दान देणाऱ्यांत सुतार आहेत, लोहार आहेत, सुगंधी द्रव्यांचे व्यापारी आहेत. धम्म दुकानदारांच्या आणि कारागिरांच्या पैशावर डोंगरात कोरला गेला. आपण मात्र नोकरीच्या पगारावर विहार बांधतो आणि सरकारी नोकरी आटत चालली तसे विहाराचे बांधकाम स्लॅबपाशी थांबते.

विकण्यासारखा माल या मातीत कमी नाही. निलंग्याचा भात नाश्त्याला खायला लांबून माणसे थांबतात. वेळ अमावास्येला शेतात होणारी भज्जी, उंडे, आंबील लातूरकराला जगात कुठेही आठवते. उदगीरला विणलेल्या खादीचा राष्ट्रध्वज होतो. अर्धापूरची केळी आहेत, लातूरच्या डाळमिल आहेत. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची पटडी चिंच आणि काष्टीची कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातल्या तिघींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चिंच फोडायला, डाळ निवडायला बाया कोणत्या वस्तीतल्या असतात ते मी सांगायला नको. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेचेही तेच. हलगी आपली, फडावरचे कलावंत आपले, चपला शिवणारा आपला, दावी-दोरखंड वळणारा आपला. लिलावात घेतलेल्या जागा मात्र दुसऱ्यांच्या.

आणि लातूर-नांदेडचा सर्वांत मोठा धंदा तर शिकवणीचा. बाहेरगावची हजारो पोरे येतात, त्यांच्यावर वसतिगृहे, मेस, अभ्यासिका चालतात. खोली मागायला गेले की आधी आडनाव विचारतात, हे आपल्या पोरांना विचारा. एका पोराला आडनाव ऐकून 'आताच गेली खोली' असे सांगितले आणि पाटी महिनाभर तशीच होती. आपल्या किती सेवानिवृत्त अधिकाऱ्यांची दोन-दोन मजली घरे या शहरांत रिकामी आहेत? त्यांनी वरचा मजला पोरांना दिला आणि खाली एखाद्या विधवा भगिनीला मेस चालवू दिली तर भाडेही येईल आणि पोरांची वणवणही थांबेल.

फूटपाथवर धंदा करणाऱ्या आपल्या माणसाने २०१४ चा पथविक्रेता कायदा समजून घ्यावा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत आणि त्यांत अनुसूचित जातींना प्रतिनिधित्व दिले पाहिजे. महापालिकेच्या निवडणुकीला आपण जेवढे धावतो त्याच्या दहाव्या हिश्शाने या समितीच्या निवडणुकीला धावत नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीतला चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यावा असे ठरले. २०१६ च्या योजनेत तर बँकेच्या प्रत्येक शाखेने आपल्या किमान एका माणसाला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यायचे होते. बँकेच्या दारात आपला माणूस महामंडळाच्या अनुदानाचा अर्ज घेऊन उभा होता. मोठ्या कर्जाचा अर्ज भरायला त्याला कुणी शिकवलेच नाही. त्याला दोष देऊन काय उपयोग? तरीही दलित उद्योजकांचा चेंबर, डिक्की, २००५ साली काढणारे मिलिंद कांबळे हे आमच्या लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे, हे विसरू नये.

आता थोडे आपल्याविषयी, आणि ते कडू आहे. आपल्या माणसाने दुकान टाकले की आपण उद्घाटनाला जातो, जयभीम करतो, पेढा खातो आणि दुसऱ्या दिवसापासून उधारी मागतो. परक्याच्या हॉटेलात चहा गार आला तर मुकाट पितो, आपल्याकडे गार आला तर गावभर सांगतो. बौद्धाच्या दुकानात मातंग जात नाही, मातंगाच्या खानावळीत चर्मकार जात नाही, आणि बौद्ध कुठे जातो हे मी लिहीत नाही. पोचिराम कांबळे मातंग होते. आपल्या दुकानदारानेही ऐकावे. दुपारी एकला शटर ओढून मोर्चाला जाणे ठीक, पण गिऱ्हाईक दाराशी आले असताना पंगत उठवून जाणे ठीक नाही. प्रवाशाला स्वच्छ मोरी, स्वच्छ भांडे आणि वेळेवर ताट लागते. त्या खानावळवाल्याकडे आज गिऱ्हाईक टिकले आहे ते पाटीवरच्या देवामुळे थोडे, त्याच्या बायकोच्या आमटीमुळे जास्त.

आम्ही लातूरच्या चार-पाच वकिलांनी आणि दोन निवृत्त शिक्षकांनी एक वही घातली आहे. नांदेड-लातूर रस्त्यावर, उदगीर-देगलूर रस्त्यावर, औसा-निलंगा भागात आपल्या माणसाचे हॉटेल, मेस, लॉज, पंक्चरचे दुकान, गॅरेज, भाड्याची गाडी, कोठे काय आहे ते तीत लिहितो. वहीला हिरवे पुठ्ठे मुद्दाम घातले. जात लिहीत नाही, फक्त ठिकाण, वेळ आणि काय मिळते ते लिहितो. त्याच्याच पाठच्या पानांवर पाहण्याच्या जागा आहेत: खरोसा, तेर, कंधार, टेंभुर्णी. ज्यांना नाव उघड करायचे नाही त्यांचे लिहीत नाही. तसे तिघांनी हात जोडून सांगितले, त्यांत माझा तो पक्षकारही आहे. आजपर्यंत एकतीस नोंदी झाल्या. त्यांपैकी चहा-जेवणाच्या नऊ. येत्या पौष पौर्णिमेला दाभडला पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत शेवटी आमचे एक टेबल असेल. वही तिथे ठेवलेली असेल, पेन बांधलेला असेल.